उचललेला नारळ

५ डिसेंबर, सकाळी
अर्ज भरला. तिसऱ्यांदा. पोलादपूर नगरपंचायतीत आमच्या प्रभागाला मी सोडून दुसरा लायक माणूस मिळत नाही, ही लोकांची अडचण आहे. दहा वर्षांत पाण्याची टाकी बांधून दाखवली. टाकीत पाणी नाही, पण टाकी लांबूनही दिसते.
विरोधात दीपक. इतकी वर्षं मुंबईत होता, आता गाव आठवलं. तिसरा धम्मपाल, महाडला एमआयडीसीत शिफ्ट करणारा. त्याच्यामागे बौद्धवाडीतली चार घरं. त्याच्यावर विचार फुकट घालवायचा नाही.
संकल्प: चिडायचं नाही. रोज पहाटे चालायचं. उद्यापासून.

७ डिसेंबर
चाललो नाही. घसा बसलाय.
प्रचाराला राहीबाईकडे गेलो. म्हातारी म्हणाली, बाबा, एक हंडा तू घे, विहिरीकडं जाता जाता बोलू. तेवढ्यात मला फोन आला. (मीच वाजवला.)
रेश्मा म्हणते, यंदा काय खरं नाही. बायकोने असं बोलू नये. पण खरंच पडलो तर? दुकान भावाने घेतलं, शेती मला येत नाही. नगरसेवक नसलो तर मी दिवसभर करणार काय? हे तिला बोललो नाही.

१० डिसेंबर
आज मास्टरस्ट्रोक. काळकाईच्या देवळात आमच्या अख्ख्या वाडीला नारळ उचलायला लावला. आमच्याकडे देवीसमोर नारळ हातात धरून शब्द दिला की दिला. हैबती गुरवाने एकेकाकडून वदवून घेतलं, मत अनिललाच. पहिला मी उचलला, मग रेश्मा, मग सगळे.
वर भाषण ठोकलं. मागच्या खेपेला गणूने नारळाचा शब्द मोडला, तर महिन्यात त्याचा टेम्पो आंबेनळी घाटात दरीत गेला. गणू झाडाला अडकला म्हणून वाचला. (टेम्पोला ब्रेक आधीपासूनच नव्हते, पण लोकांना तपशिलात रस नसतो.) बायका पार गार पडल्या. निवडणूक इथेच संपली.

१४ डिसेंबर
दीपकनेही नारळ ठेवला. नुसती नक्कल. तेच देऊळ, तोच गुरव. हैबतीला झापलं, तर म्हणतो, देऊळ काय तुमच्या एकट्याचं हाय?
कोण कोण जातं ते बघायला गेलो. अख्खी वाडी. रेश्मासुद्धा. म्हणे, शेजारणी गेल्या, मी एकटीने घरात बसू? दत्ताराम, माझा उजवा हात, तोही रांगेत. मी खांबाआड उभा. हैबतीने पाहिलं, नगरसेवकसाहेब पुढं या म्हणाला आणि माझ्या हातात नारळ दिला. मला वाटलं, मान देतोय. त्याने शब्द म्हटले, सगळे होय म्हणाले, मीही म्हणालो. सवयीने. सभेतही माझं असंच होतं.
खाली ठेवताना लक्षात आलं, नारळ दीपकचा. काही बिघडत नाही. माझ्या मनात नव्हतं, हे देवीला कळतं.

१५ डिसेंबर
देवीला मनातलं कळतं ना, असं हैबतीला सहज विचारलं. तो म्हणाला, देवी हात बघते.
चाललो नाही. झोपच लागली नव्हती.

१७ डिसेंबर
वाडीत कुजबुज. नारळ दोन, बोट एक. राहीबाईने हैबतीला गाठून तोडगा काढला म्हणे. म्हातारी म्हणते, एकाला मत दिलं तर दुसऱ्याचा नारळ मोडंल. कुणालाच दिलं नाय, तर भांडायला येणार कोण? आणि नसंल पटत तर गणूचा टेम्पो आठवा.
संध्याकाळी घरोघर सांगत फिरलो की टेम्पोला ब्रेक नव्हते. राहीबाई म्हणाली, ब्रेक काढले कोणी?

२० डिसेंबर, मतदान
सकाळी वाडी रिकामी. म्हाताऱ्यांना केंद्रावर न्यायला मी टेम्पो ठरवला होता. त्याच टेम्पोत बसून सगळे महाडजवळ सवला गेले, गरम पाण्याच्या कुंडात आंघोळीला. रेश्मा टॉवेल घेऊन पुढे बसली. दत्तारामला फोन केला, तर म्हणाला, दादा, घाबरू नका, दीपकलाबी कोणी देत नाय. म्हणजे बरोबरी. बरोबरीत अनुभव जिंकतो.
केंद्रावर एकटा गेलो. मशीनसमोर उभा राहिलो. बराच वेळ. डोळ्यांसमोर आंबेनळीची दरी. टेबलावरून कर्मचारी ओरडला, साहेब, दाबा काहीतरी, आमचं जेवण राहिलंय.
मतदान गुप्त असतं. म्हणून पुढे लिहीत नाही.

२१ डिसेंबर, निकाल
धम्मपाल आला निवडून. चार घरं होती, चारही आली. त्यांनी नारळ उचललेलाच नव्हता. धम्मपाल तर रात्रपाळी करून थेट मतदानाच्या रांगेत.
दीपकला एक. नोटाला एक. मला शून्य.
मशीन बिघडलंय म्हणून फेरमोजणी मागितली. पुन्हा शून्य. अधिकाऱ्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बाहेर कोणीच काही विचारलं नाही. हिशेब सगळ्यांना जमतो. आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती.

रात्री, जेवताना
रेश्माने विचारलं. हळू आवाजात, मुलं झोपल्यावर. अहो, तुमचं स्वतःचं मत तरी? मी म्हटलं, दोन्ही नारळ उचलले होते, माझीही तीच पंचाईत. नोटा दाबला.
रडू आलं, ते मिरचीवर ढकललं.
ती ताटात भात वाढत म्हणाली, मग काल आमच्याबरोबर सवलाच यायचं होतं ना. टेम्पोत जागा होती.