स्वेटरला धुराचा वास

चि. छोट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे. धुलाईच्या कारखान्यात दिवसभर वाफ असते, त्यामुळे थंडी अशी वाजतच नाही. तुझ्या थोरलीचा पुढचा दात आला का?

आईने विणलेला स्वेटर पोचला. बाह्या अगदी मापात आहेत.

तुझं ते हीटरचं पत्र मी जपून ठेवलंय. लाकूड सगळ्यात स्वस्त पण धूर फार, रॉकेलने डोकं दुखतं, विजेचं बिल झेपायचं नाही, तेव्हा आईच्या खोकल्याला गॅसच बरा, हे तूच मला पटवलंस. मी लगेच पैसे पाठवले. आईच्या खोलीत गॅसचा हीटर बसवला, असं तू कळवलंस.

छोट्या, इथे माझं कामच आलेले कपडे हुंगून वेगळे करायचं आहे. तेलाचे, रॉकेलचे, धुराचे. आईच्या स्वेटरला लाकडाचा धूर आहे, तोही ओल्या लाकडाचा.

पैसे दुसरीकडे लागले असतील तर सांगायचंस ना. मी काय खाल्लं असतं तुला? पण स्वेटरमध्ये आईची चिठ्ठी होती, "गॅसची छान ऊब आहे." तिलाही खोटं लिहायला लावलंस, ते जिव्हारी लागलं.

तिचा खोकला कसा आहे ते तरी खरं लिही. आणि उत्तर तिच्याच खोलीत बसून लिही. पत्र आलं की मी आधी कागद हुंगणार, मग वाचणार.

तुझी, अजून तरी तुझीच,
ताई