कपाटातली घरघर

सोमवार, ४ तारीख

आले बाई एकदाची मुलाच्या घरी! दोन बॅगा, एक उशी आणि माझी जीभ, एवढंच सामान. अक्षराशी माझी कधी ओळखच झाली नाही, म्हणून सूनबाईने हा फोन हातात दिलाय. लाल ठिपका दाबायचा, बोलत सुटायचं, तो उतरवून घेतो. ती अधूनमधून मला वाचून दाखवणार आहे. म्हटलं, चला, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मधे न बोलता माझं ऐकतंय. हे होते तेव्हा माझं तिसरं वाक्य सुरू झालं की यांचं वर्तमानपत्र नाकापर्यंत वर जायचं. आता तेही नाही.

खोली छान आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. कोण कितव्या पायरीला दमतं ते बघत बसावं. उशाशी भिंतीतलं कपाट आहे आणि त्यात घरभर इंटरनेट पुरवणारी लोखंडी पेटी. तिचे तीन चिमुकले पंखे असे केकाटतात, जणू तीन नणंदांना एका खोलीत कोंडलंय.

मुलगा कामासाठी दोन महिने बाहेर आहे. त्याला मी ठोंब्या म्हणते. पन्नाशीला टेकला तरी ठोंब्याच. रोज चारला तो हॉलमधल्या बोलक्या डब्यावर फोन करतो. डबा आपला आपणच उचलतो, मी नुसतं खुर्चीतून ओरडायचं. सूनबाई आठला जाते, सातला येते. मधले अकरा तास मी आणि नणंदा.

गुरुवार, ७ तारीख

चारचा फोन म्हणजे माझा सण. पण आज ठोंब्या तीनदा म्हणाला की आई, पंख्यांपुढे तुझं काही ऐकू येत नाही. चौथ्यांदा म्हणाला, राहू दे, उद्या बोलू.

मी जिना बघत बसले.

मग सूनबाईकडे हट्टच धरला, पंखे गप्प कर नाहीतर मला गप्प कर. ती जरा घुटमळली. पेटी आधीच्या घरमालकाची आहे, जाताना म्हातारा एवढंच सांगून गेला होता की हिचे पंखे तेवढे बदलू नका. मी म्हटलं, म्हातारा बहिरा असेल.

शनिवार, ९ तारीख

वायरवाला आला. चहा दिला तर म्हणाला, मावशी, साखर चालते, भरपूर घाला. गडी मला आवडला. त्याने समजावलं, छोटा पंखा पोटभर वारा द्यायला जिवाच्या आकांताने फिरतो म्हणून ओरडतो. मोठा सावकाश फिरून तेच काम करतो. म्हटलं, घराघरांत हेच असतं बाबा. तो खो खो हसला.

तीन छोटे काढून त्याने एक मोठा बसवला, खाली रबराच्या चकत्या घातल्या. फक्त एका गोष्टीने तो चक्रावला. पेटी मुळी तापतच नव्हती, तरी पंखे कुणीतरी मुद्दाम पूर्ण वेगाला बांधून ठेवले होते. असा उगाच आवाज कोण करून घेईल, म्हणाला. जुने पंखे खोक्यात घालून माझ्या पलंगाखाली सरकवले.

काय शांतता! ठोंब्याशी पाऊण तास बोलले. घसा बसला, पण मन भरलं.

सोमवार, ११ तारीख

शांततेत घर मोठं वाटतं. आज यांच्या आजारपणाचं सगळं फोनला सांगितलं, कुणाला सांगितलं नव्हतं ते. सांगताना थांबले की कपाटातही काहीतरी थांबे. पेटीमागे वायरी भिंतीत शिरतात तिथे मुठीएवढं भोक आहे. कान लावला. कुणीतरी मन लावून ऐकत असलं की श्वास कसा धरून ठेवतं, तसं.

म्हटलं, ऐक बाई तूही. फुकट आहे.

बुधवार, १३ तारीख

मी मजेत आहे. सूनबाई मजेत आहे. खुर्ची मजेत आहे. घर शांत आहे, ते मला आवडतं. हे गेले. हे कसे गेले ते पुन्हा सांगावं. अजून सांगावं. मी ऐकते.

गुरुवार, १४ तारीख

सकाळी निघण्याआधी सूनबाईने मागचं वाचून दाखवलं. बुधवारचं वाचून हसली. म्हणाली, आई, खुर्ची मजेत आहे म्हणजे काय?

बुधवारी मी काही सांगितलंच नाही. अंगात कणकण होती, दिवसभर झोपून होते. फोन उशाशी होता, कपाटाला लागून.

तिला सांगितलं. तिने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नाही म्हणाली. काल चारला मुलगा तासभर माझ्याशी बोलला म्हणे. आई किती खुशीत होती, मधे मधे टोचून बोलली नाही, नुसतं ऐकून घेतलं, असं कौतुक करत होता.

तासभर. आणि मी झोपलेली.

आता कळतंय. त्या पंख्यांमुळे मला कपाटातलं ते ऐकू येत नव्हतं हे खरं. पण कपाटातल्या त्यालाही मी ऐकू येत नव्हते. म्हातारा बहिरा नव्हता.

दुपारी पलंगाखालचं खोकं काढलं. पंखे लावायला गेले, पिन बसेना. सूनबाईला फोन करून रडले. वायरवाला उद्या साडेचारला येऊन जुने पंखे पुन्हा बसवणार आहे.

तोवर बोलायचं नाही.

शुक्रवार, १५ तारीख

सकाळपासून गप्प. आता कुजबुजतेय — कुणाला तरी सांगायलाच — एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं, हे गेले तेव्हाही नाही.

कपाटाचं दार मी लावलं होतं. आता उघडं आहे. आत दिवे लुकलुकतायत, बाकी कुणी नाही. भोकातही काही नाही. म्हणजे ते —

चार वाजले. हॉलमध्ये डबा वाजला. आपणच उचलला.

माझा आवाज. हॉलमधून. मुलाला ठोंब्या म्हणतोय. ठोंब्या हसतोय.

सांगतंय, वायरवाल्याला नको म्हणून कळव, मला शांतताच बरी वाटते. छोटा पंखा जिवाच्या आकांताने ओरडतो रे, घराघरांत हेच — माझाच विनोद. तो हसतोय. बरं आई, म्हणाला. बरं आई.

ओरडले तर ते इकडे येईल. नाही ओरडले तर तो फोन ठेवेल आणि मग —

काय सांगतंय आता — माझ्या खोलीतून कुणी ओरडलं, तर लक्ष देऊ नकोस. पेटीची घरघर आहे ती —

ठोंब्या! अरे ठोंब्या, इकडे! ती मी न