वळणावरची हत्तीण

२ मार्च

जंगल सफारीत गाईड म्हणून माझी नेमणूक बाबांच्याच जीपवर झाली. घरात परीक्षा देऊन काही झालेली मीच पहिली, म्हणून सकाळपासून बाबांचं चाललंय — ‘चला, गाईडबाई.’ पाहुण्यांना नियम सांगितले. उभं राहू नका, हात बाहेर काढू नका, आवाज नको. काही राहिलं की काय, म्हणून पुन्हा सगळं सांगितलं. एक आजोबा म्हणाले, ‘अहो, आम्ही हत्ती खात नाही.’

बाबांचाही एक नियम आहे. जंगलात ड्रायव्हरशी बोलायचं नाही. थांबायचं असेल तर खांद्यावर एक थाप, मागे घ्यायची असेल तर दोन. ‘बोललं की पाहुणे घाबरतात.’ किती विचार करतात ते!

५ मार्च

दोन ससे आणि पाहुण्यांच्या जांभया.

९ मार्च

बांबूच्या वळणावर बाबांनी इंजिन बंद केलं. तिथे सगळेच ड्रायव्हर कानोसा घ्यायला थांबतात. डावीकडे फांदी मोडली — इतक्या जवळ की मागच्या बाईंनी माझा दंड धरला. आणि बाबांनी गाडी पुढे काढली. ‘बाबा, थांबा.’ गाडी चालूच. मग दोन थापा दिल्या, तशी झटकन मागे घेतली. झाडीतून हत्तीण आली, रस्ता ओलांडून पलीकडे पिल्लाकडे गेली. आम्ही त्या दोघांच्या मधे जाणार होतो.

‘बघा, आमची गाईड,’ बाबा पाहुण्यांना म्हणाले. मला हसता आलं नाही.

१० मार्च

आज जंगल बंद. आई भांडी घासत होती, तिला बाबांच्या कानांचं विचारलं.

‘दोन वर्षं झाली. आधी मला वाटलं, नवरे असेच असतात, हाकेला ओ देत नाहीत.’ मग नळ बंद करून म्हणाली, ‘गाडी गेली तर ते घरात बसून करतील काय?’

त्यांच्या तोंडचा घास मी काढायचा? पण उद्या माझ्या जागी दुसरा गाईड असला आणि घाबरून नुसता ओरडला तर?

बाबा जीप धूत होते. मी समोर उभी राहून मोठ्याने म्हणाले, ‘उद्या मॅनेजरबाईंकडे जातेय.’

‘जा की,’ बाबा म्हणाले. मग वाकून माझ्या बुटाची सुटलेली नाडी बांधली.

११ मार्च

सांगितलं. सांगताना रडले. मॅनेजरबाईंनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, बाबांचे कान तपासून होईपर्यंत जीप दुसरा कुणी चालवेल. जेवताना बाबांकडे मान वर करून बघवलं नाही.

१४ मार्च

मॅनेजरबाईंच्या पोटात काही राहत नाही. आज बोलून गेल्या — हत्तीण आडवी आली त्याच संध्याकाळी बाबांनी त्यांच्या टेबलावर किल्ली ठेवली होती. म्हणाले होते, ‘पोरगी येईल सांगायला. तुम्हाला ठाऊक आहे असं दाखवू नका. तिचं तिला सांगू द्या.’