‘नवी बट’ हे नाव मी घेतलं

४ मार्च
गेली. लाकडी डोकी इथेच आहेत, सुया इथेच, जाळीचे गठ्ठे इथेच. नणंदबाई फक्त फोन घेऊन गेल्या. आणि फोनमध्ये अकरा हजार माणसं.

सात वर्षं मी एकेक केस जाळीत गाठ मारून बसवला, विग केले. तिने फोटो काढले. अकाऊंट तिच्या नावाने. तेव्हा म्हणाली होती, "लोक माणसाच्या मागे येतात वहिनी, पाटीच्या मागे नाही." मला पटलं होतं. माणूस म्हणजे ती, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

६ मार्च
चौकापलीकडे तिने दुकान उघडलं. पाटी — ‘नवी बट’. अकाऊंटवर आज माझा विग. तो करडा, मुख्याध्यापिकाबाईंसाठी केलेला. त्यापायी महिनाभर डोळे चोळत होते मी. खाली हिने लिहिलंय, "माझं आवडतं काम."

माझं!

नवरा म्हणतो, "बहीण आहे माझी, मी काय बोलू?" काही बोलू नकोस. उद्यापासून चहा तेवढा आपला आपण करून घे.

९ मार्च
कार्डं छापणाऱ्याकडे गेले. अकाऊंटचंही विचारलं. म्हणाला, "ताई, अकाऊंट उघडाच. पण आधी ठरवा, स्वतःच्या नावाने की दुकानाच्या? स्वतःचं नाव असलं की लोकांचा विश्वास बसतो. दुकानाचं असलं तर उद्या दुकान दुसऱ्याच्या हाती देता येतं. आणि जे घ्याल ते कुणी आधीच घेतलंय का, ते बघा."

आमच्या दुकानाला नावच नाही. पाटीवर नुसतं ‘विग करून मिळतील’. आणि माझं नाव? मी वहिनी, काकू, मामी. शेवटचं कुणी नावाने कधी हाक मारली, आठवत नाही.

१० मार्च
माझं नाव शोधलं. त्या नावाच्या ढीगभर बायका. एक गाते, एक घोडे पाळते. मग सहज ‘नवी बट’ शोधलं. कुणीच नाही! नणंदबाईंचा सगळा कारभार स्वतःच्या नावाने. पाटीवरचं नाव मोकळंच पडलेलं.

घेतलं.

१३ मार्च
‘नवी बट’च्या अकाऊंटवर माणसं येऊ लागली. दुकानाची पाटी बघतात, नाव शोधतात, सापडते मी. "उद्या येऊ का?" — मी लिहिलं, आठवडाभर बंद. "मापं घ्यायला घरी याल?" — नाही. इतकी वर्षं मान मोडेपर्यंत काम केलं. हे नुसतं बोट टेकवून होतं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

१७ मार्च
नवरा म्हणाला, "तिच्या दुकानात कुत्रं फिरकत नाही म्हणे." मी भाजी चिरत होते. आणखी बारीक चिरली.

१९ मार्च
एका आईचा निरोप आला. मुलगी सोळा वर्षांची, केमो सुरू, सकाळी उशीवर केसांचे पुंजके. शाळेत जात नाही म्हणते. "पुढच्या महिन्यात परीक्षा आहे, तोवर विग होईल का? तुमच्या कामाचे फोटो पाहिलेत."

फोटो नणंदेच्या अकाऊंटवरचे, माझ्या कामाचे. उत्तरही मीच दिलं, ‘नवी बट’ म्हणून — लहान मुलींचे विग आम्ही करत नाही.

तिने लिहिलं, "बरं. आभारी आहे."

शिव्या द्यायला हव्या होत्या तिने.

२० मार्च
त्या बाईला परत लिहायला घेतलं. कुणाच्या नावाने लिहू? पुसलं.

२८ मार्च
दुपारी दारात एक बाई, सोबत डोक्याला रुमाल बांधलेली मुलगी. तीच. बाई बसायच्या आधीच बोलायला लागली. "तुमच्या नणंदेच्या दुकानात भांडायलाच गेले होते. एवढ्या पोरीला नाही कसं म्हणता? ती म्हणाली, मी असं लिहिलंच नाही. मग म्हणाली, फोटोतलं काम माझ्या वहिनीचं आहे, तिच्यासारखा हात माझा नाही, तिच्याकडे जा. तुमचं नाव शोधलं, सापडेना. शेवटी तिनेच पत्ता लिहून दिला."

मुलगी लाकडी डोक्याकडे बघत होती. "याच्यावर माझा होणार?"

"हो," म्हटलं.

मापं घेतली. कानापासून कानापर्यंत, कपाळापासून मानेपर्यंत. माझ्यामुळे नऊ दिवस वाया गेले पोरीचे. सांगणार होते. पुन्हा एकदा मापंच तपासली.

२९ मार्च
नणंदेला फोन केला. सगळं सांगून टाकलं. म्हणाली, "तुझ्याशिवाय कोण घेणार ते नाव? पहिल्याच दिवशी कळलं होतं, वहिनी. लोकांना परत पाठवतेस, ते मात्र माहीत नव्हतं. तक्रार केली असती तर बंद पडलं असतं. पण वाटलं, आता तरी तू तुझं काम स्वतः दाखवशील. रोज ते अकाऊंट उघडून बघायचे."