मुलगी लक्ष्मव्वाकडे दिली

सोलापूर, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

आज मीच माझी मुलगी शेजारच्या लक्ष्मव्वाकडे नेऊन दिली. सासूबाई बाहेर गेल्या म्हणून सकाळी मीच तिला न्हाऊ घालत होते. कानातला तो जुना आवाज पुन्हा आला. ही तुझी नाही, बादलीत सोड. तिला तशीच ओली उचलली आणि धावत गेले. लक्ष्मव्वा हातमागावरून उठून आली. म्हटलं, "हिला ठेवून घ्या. मी मागायला आले तरी देऊ नका." तिनं स्वतःच्या बाळाबरोबर हिलाही पाजायला घेतलं.

संध्याकाळी मीच मागायला गेले. तिला चोर म्हटलं, आणखी काय काय बोलले. ती दारातून हलली नाही. "तुमीच सांगितलंय की. दवाखान्याला जाऊन या, मग न्या."

दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी माझ्या त्या आवाजावरच्या गोळ्या बंद केल्या. पोटातल्या बाळाला बाधतील म्हणे. आता म्हणतात, ओली बाळंतीण आहे, दृष्ट लागली असेल. पण ती बादली? मी सोडलं असतं का तिला? खरंच सोडलं असतं?

ह्यांना सगळं सांगितलं, बादलीचंसुद्धा. ते म्हणाले, "उद्या रजा टाकतो. डॉक्टरांकडं जाऊ."

दूध दाटून पोलकं भिजलंय. भिंतीपलीकडं माझी पोर रडतेय आणि माझे पाय दाराकडं वळतायत. ह्यांना म्हटलं, कडी लावा आणि आज तुमचं अंथरूण दाराशीच टाका.