गणवेशातले शिपाई

३ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

डॉक्टरकीच्या कॉलेजातून आलेलं तुझं रक्ताची माहिती सांगणारं पत्र दुकानात गिऱ्हाइकांनाही वाचून दाखवलं. तांबड्या पेशी हमाल, पांढऱ्या शिपाई, आणि प्लेटलेट रफू करणाऱ्या! म्हणजे रक्तातही आम्हा शिंप्यांचा धंदा चालतो म्हणायचा.

आता खुशखबर. हल्ली दम लागतो, हिरड्यांतून रक्त येतं, कात्रीच्या मुठीनं बोटं काळीनिळी होतात, म्हणून तुझ्या आईनं हाताला धरून रक्त तपासायला नेलं. हमाल आणि रफूवाल्या कमी निघाल्या, पण शिपाई? चारचौघांच्या दहापट! आईला म्हटलं, बघ, अंगात पलटण घेऊन फिरतोय. डॉक्टर मात्र लांब तोंड करून म्हणाले, आजच मोठ्या दवाखान्यात जा. शाळेचे गणवेश पोचवले की जाईन. तुझा पांढरा कोट शिवलाय, काजं-बटणं तेवढी राहिलीत.

तुझ्या अभ्यासाला कुणाची दृष्ट न लागो.
तुझा बाबा

५ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचा फोन नेहमीसारखा बंद, म्हणून हे बस ड्रायव्हरकाकांच्या हाती पाठवतेय. कात्री खाली ठेवा आणि आईला घेऊन याच बसनं या. गणवेश गेले खड्ड्यात!

बाबा, मीच तुम्हाला अर्धवट शिकवलं. वाढलेत ते शिपाई नव्हेत. रक्त हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे मज्जेत, तयार होतं. तिथं कच्च्या पेशींचं तण माजलं असणार. त्यांना लढता येत नाही, आणि हमालांना, रफूवाल्यांना त्या जागाच ठेवत नाहीत. याला ल्युकेमिया म्हणतात, रक्ताचा कर्करोग. मगज तपासला की नक्की कळेल, पण तुमच्यापासून लपवणार नाही. औषधांनी तण उपटतात. त्यात चांगलं पीकही जातं. ते पुन्हा उगवेपर्यंत बाहेरून रक्त देत राहायचं आणि जंतूंपासून जपायचं.

मी फार भ्यायलेय. लवकर या.
तुमची भिंगरी

२६ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

आत कुणाला सोडत नाहीत, म्हणून नर्सबाईंच्या हाती चिठ्ठी. तण गेलं म्हणतात, पण खरे शिपाईही गेले. कालपासून ताप हटत नाही, सलाइनमधून औषध चालू आहे.

तू काचेपलीकडे तोंड फिरवून रडतेस, ते मला दिसतं गं. वेडे, तुझी काय चूक? अंगात गणवेश घातला म्हणून कुणी शिपाई होत नाही. जन्मभर गणवेश शिवणाऱ्याला हे कळायला नको? काजं करायला हात चालत नाही. आईला सांग, बटणं घट्ट लाव.

माया आहेच, ती मागायची नसते.
बाबा

१४ मे

ती. आईस सा. न. वि. वि.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. आज तू बटणं लावलेला कोट घालून वॉर्डात गेले. एक गवंडी दाखल झालेत. तोच आजार. मला म्हणाले, पांढऱ्या पेशी वाढल्यात म्हणे, म्हणजे काय हो?

शिपाई हा शब्द ओठावर आला होता. गिळला. स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, काका, भट्टीत न भाजलेल्या विटांनी सगळी जागा अडवली, तर? ते म्हणाले, मग घर उभं राहायचं नाही. आणि लगेच, बायकोला बोलवा म्हणाले.

त्यांना कळलं, आई. ते खूश झाले नाहीत.

बाबा खूश झाले होते गं.

तुझीच,
भिंगरी