तोफेच्या आठ बॅटऱ्या

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी जबाबदार माणूस आहे. सभाघरात ठरलं: उत्तर टोकावरच्या तोफेच्या आठही बॅटऱ्या बाउरोच्या, म्हणजे माझ्या, ताब्यात. तिकडे खाऱ्या वाऱ्याने खराब होतात, आणि उन्हावर चार्जिंग करायचे पत्रे माझ्याच छपरावर आहेत. आकाशातून मापाडी, म्हणजे बेटं मोजून उचलून नेणारा तो, उतरला की मी त्या सायकलच्या गाड्यावर घालून उत्तरेला न्यायच्या. तासाभराचा रस्ता. आठ जोडल्या तर तोफ उडते. सात जोडल्या तर ते नुसतं नळकांडं.

तोकिन्तेकाई आजोबांनी सगळ्यांदेखत विचारलं, नातेवाईक बुबुसी घेऊन आले तर? मी उभा राहिलो आणि म्हणालो, नाही म्हणेन. हशा पिकला. का ते कळलं नाही. बुबुसीला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही, हे मान्य. नात्यातला माणूस दारात येऊन 'बुबुसी आहे' म्हणाला की अंगातला शर्टसुद्धा काढून द्यायचा, नाहीतर तोंड दाखवायला जागा नाही. जुनी बेटं बुडाली तेव्हा आजोबा-पणजोबांनी या ग्रहावर नारळाची रोपं आणली, तशी ही प्रथाही आणली. पण सुधारणा कोणीतरी सुरू करायलाच हवी.

तोफेवर माझा धाकटा भाऊ उरिआम. त्यामुळे मला जास्तच काळजी घ्यायला हवी. घेणारच आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
सकाळी नाही म्हणायची प्रॅक्टिस. माणूस मिळेना म्हणून डुकरावर केली. डुक्कर खोबरं मागायला आलं. ठामपणे नाही म्हणालो. ते बघत राहिलं. दिलं.

डुकराची गोष्ट वेगळी असते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
दर शुक्रवारी उरिआम रेडिओवर विचारणार: दादा, आठही आहेत ना? आज पहिल्यांदा विचारलं. आठ, हे मी असं काही म्हणालो की बायकोने, रोटिआने, चुलीपासून वळून बघितलं. आवाजात वजन होतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
रोटिआचा भाऊ काबुरोरो आला. आधी तासभर माशांबद्दल बोलला. मला वाटलं, सुटलो. मग म्हणाला, दाजी, बुबुसी आहे. चर्चच्या गाण्यांच्या स्पर्धेत स्पीकर लावायचाय, एक बॅटरी, फक्त चार दिवस.

मी तोंड उघडलं. तोंडातून 'घेऊन जा' निघालं. कसं ते मलाही कळलं नाही.

रोटिआ म्हणाली, भीड ही भिकेची बहीण, आणि तुम्ही तर तिला घरात नांदवायला आणलीय. म्हटलं, तुझाच भाऊ आहे. म्हणाली, म्हणून तर सांगतेय, तो परत देत नाही.

चार दिवसांचा तर प्रश्न आहे. मापाडी काय सांगून चार दिवसांत येतोय?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
उरिआमने विचारलं. आठ म्हणालो. काबुरोरोच्या घरातली धरली तर आठच आहेत. बेटाबाहेर थोडीच गेलीय. खोटं नाही हे. पण आज जेवण गेलं नाही. मासा शिळा असावा.

गुरुवार, २० फेब्रुवारी
माआता मावशी आली. वय ऐंशी. पंख्यासाठी. ऐंशी वर्षांच्या बाईला नाही म्हणणारा माणूस आपल्याला व्हायचंय का? हा खरा प्रश्न आहे. मी तो स्वतःला विचारला आणि बॅटरी मावशीच्या घरी पोचवून आलो. वजन फार असतं, मावशीला उचलवली नसती.

परत येताना चुलतभाऊ तिआओन भेटला. होडीचं इंजिन बंद पडलंय. रस्त्यात केलेली बुबुसी धरायची की नाही, याबद्दल जुन्या लोकांत मतभेद आहेत. मी मोठ्या मनाने धरली. त्याने मासा पाठवला. चांगला होता.

पाच राहिल्या. आता मात्र बास. उद्यापासून कडक.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
उद्यापासून म्हटलं होतं, पण मध्ये तेउएआ आली. उरिआमची बायको. उत्तरेहून चालत, कडेवर धाकटी. मान खाली घालून म्हणाली, भावोजी, बुबुसी आहे, फ्रीझर बंद पडलाय, मुलांसाठी ठेवलेले मासे नासतात. सख्ख्या भावाच्या घरी. दिली. शेजारच्या पोराबरोबर गाड्यावरून पाठवली. उलट तोफेच्या जवळच गेली, रस्त्यातला वेळ वाचला. तिला सांगितलं, उरिआमला बोलू नकोस, उगाच काळजी करेल. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि बरं म्हणाली. समजूतदार मुलगी. फ्रीझर घराच्या मागच्या बाजूला असतो आणि उरिआम दिवसभर तोफेवर. त्याच्या लक्षात यायचं कारण नाही.

संध्याकाळी त्याने रेडिओवर विचारलं. आठ म्हणालो. तो म्हणाला, बरं दादा.

शनिवार, ८ मार्च
सभाघरातून चार म्हातारे तपासणीला येणार असं सकाळीच कळलं. ओल्या नारळाची सोडणं फडक्यात गुंडाळून बॅटऱ्यांच्या पेटीत बसवली, वर खऱ्या चार. फसवणूक नाही ही. रिकामी जागा राहिली तर बॅटऱ्या हलतात.

म्हाताऱ्यांनी पेटीकडे लांबूनच बघितलं. झाकण कोणी उघडलं नाही. भात आणि टिनमधलं मांस मनापासून खाल्लं, दोनदा वाढून घेतलं. जाताना तोकिन्तेकाई आजोबा म्हणाले, पेटी छान आहे. मला अभिमान वाटायला हवा होता. दुपारभर पेटीवर बसून राहिलो.

शुक्रवार, १४ मार्च
बातमी: मापाड्याने रावामोआ बेट उचललं. सकाळी उतरला, उंच पायांवर उभा राहून दुपारपर्यंत मोजमाप केलं, मग माड, विहिरी, चर्चचे पत्रे, माणसं, सगळं मोजल्या क्रमाने नेलं. लोकांनी विनवलं म्हणे. त्याने विनवणाऱ्यांनाही मोजलं. त्याला काय, ना कान ना लाज.

उरिआमने विचारलं. आठ. मग त्याने परत विचारलं, दादा, काही सांगायचंय का? म्हटलं, इकडे ऊन फार आहे. म्हणाला, तिकडे पण.

आज ठरवलं: सगळ्या परत आणायच्या. सोमवारपासून.

बुधवार, १९ मार्च
सोमवारी पोट बिघडलं. मंगळवारी सोमवारसारखंच. आज निघणार तेवढ्यात खुद्द तोकिन्तेकाई आजोबा आले. वाटलं, कळलं, आता सभाघरात उभं करणार. ते बसले, माडाचा रस प्यायले आणि म्हणाले, बाउरो, बुबुसी आहे, डोळ्यांनी दिसेना झालंय, दिवा जरा मोठा हवा.

ज्यांनी नियम केला त्यांनीच मागितलं म्हणजे नियम शिथिल झाला असं मी समजतो. इतकं हलकं वाटलं की मी ती त्यांच्या घरापर्यंत पळत नेली.

बुधवार, २६ मार्च
काबुरोरोकडे गेलो. सरळ मुद्द्याला हात घालायचा असं वाटेत दहा वेळा म्हटलं होतं. दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे आपल्यात कुत्र्यापेक्षा खालचं काम. तरी गेलो. अंगणात सगळं घर स्पीकरवर गात होतं, स्पर्धा जिंकलेत. काबुरोरो म्हणाला, दाजी, बरं झालं आलात, वायर आखूड पडतेय. घरी येऊन वायर घेऊन परत गेलो.

येताना त्याने दोन फणस दिले. रोटिआने ते चिरायला घेतले. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तीनवर तोफ उडत नाही, त्यामुळे त्या तीन नुसत्या ठेवण्यात अर्थ नव्हता. एक आपल्या पंपाला लावली. दोन शेजारी घेऊन गेले. नात्यातले आहेत का ते नीट आठवत नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल
उरिआम आज विचित्र बोलला. म्हणाला, दादा, समज कमी असत्या, समज एकही नसती, तरी माणूस दुसरा काही इलाज करतो, फक्त वेळेवर कळायला हवं. मला रागच आला. सख्ख्या भावावर हा अविश्वास? म्हटलं, तुला माझ्यावर भरवसा नसेल तर स्पष्ट बोल. तो म्हणाला, तसं नाही दादा, तुझ्यावर आहेच. आणि आठ ना, असं त्यानेच म्हटलं. मी फक्त हं म्हणालो. म्हणजे आज मी खोटं बोललो नाही.

पंपाचं पाणी आज प्यावंसं वाटेना. विहिरीचं काढून प्यायलो.

मंगळवार, १५ एप्रिल, सकाळ
उतरला. उत्तर टोकापलीकडच्या उथळ पाण्यात उभा आहे. इथून सुद्धा दिसतो. माडांच्या दुप्पट. मोजतोय.

दुपारपर्यंत वेळ आहे. दुपार पुष्कळ लांब असते. निघालो.

बुधवार, १६ एप्रिल
काल काय झालं ते लिहितो. जसं झालं तसं.

काल मागताना लाज वाटली नाही. पळत सुटलो की वाटत नाही, हे आधी माहीत नव्हतं. पंपाची काढली. शेजाऱ्यांनी दोन्ही आणून दिल्या. काबुरोरोने गाणं मध्येच तोडलं आणि स्पीकरसकट दिली, म्हणाला, दाजी, आधी का नाही मागितली? मावशीने पंखा स्वतः बंद केला. आजोबांनी दिवा विझवला. एवढंच होतं. एवढंच करायचं होतं मला, महिनाभर. तिआओनची होडीबरोबर समुद्रात होती. आठवी उत्तरेला फ्रीझरला. म्हणजे सहा, आणि सहांतही चार्जचा काटा पावाच्या खाली. गाण्यात, वाऱ्यात आणि उजेडात गेलेल्या. अर्धा तास उन्हात लावल्या तर थोड्या भरतील असं वाटून लावल्या. उरिआमचा रेडिओ आला, दादा, कुठवर आलास? म्हटलं, निघालो. निघालो नव्हतो.

मग निघालो. गाडा जड. अर्ध्या रस्त्यात डाव्या हाताला खाडीत होड्या दिसल्या, उत्तरेकडून येणाऱ्या, एकामागून एक, भांडी आणि पोरं आणि कोंबड्या घेऊन. घाईत निघालेल्या वाटत नव्हत्या. गाठोडी नीट बांधलेली, चटया गुंडाळलेल्या, जसं आठवडाभर आधी आवरून ठेवलेलं असतं तसं. उत्तरेची एकतीस माणसं. पुढच्या होडीत तेउएआ आणि मुलं. मी ओरडलो, उरिआम कुठाय? तिने मागे बोट दाखवलं.

मापाडी आधी काय मोजतो, तर जे त्याच्याकडे वळतं ते. उरिआम रिकामी तोफ त्याच्याकडे वळवायचा. तो ती मोजायचा. मग उरिआम तोफ थोडी डावीकडे फिरवायचा, मग उजवीकडे, आणि मापाडी मोजमाप परत पहिल्यापासून. होड्या खाडी ओलांडेपर्यंत हे चाललं होतं, आणि मी पुलाजवळ पोचलो तेव्हाही चालू होतं. मी गाडा ओढत हात केला. त्याने बघितलं असेल. तो हात करायला मोकळा नव्हता.

मग मापाड्याचं मोजून झालं.

रस्ता आता पुलाशी संपतो. पुढे पाणी आहे. सहा बॅटऱ्या गाड्यावर तशाच होत्या. घेऊन आलो.

रविवार, २० एप्रिल
आज सभाघरात सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. चार दिवस भाषण तयार केलं. तीन भाग: चूक, कारणं, शिक्षा. कारणं शेवटी काढून टाकली. रोटिआ म्हणाली, पहिल्यांदाच नीट लिहिलंत.

सगळे आपापल्या घराण्याच्या जागी बसले. उत्तरेची माणसं आमच्यात दाटीने. मी उभा राहिलो आणि म्हणालो, बॅटऱ्या पेटीत नव्हत्या. तोकिन्तेकाई आजोबा म्हणाले, बस, बाउरो. म्हटलं, मला बोलू द्या. म्हणाले, काय बोलणार, एक माझ्याच दिव्याला होती. कोणाला उभं करायचं आणि कोणी करायचं? काबुरोरो चटईकडे बघत होता. तपासणीच्या दिवशी आम्ही झाकण उघडलं नाही, म्हाताऱ्यांनी सांगितलं, कारण उघडलं असतं तर तुला लाज वाटली असती. सगळ्यांना माहीत होतं. माझ्या तोंडावर बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून कोणी बोललं नाही. मी बसलो. मग होड्यांच्या डागडुजीवर चर्चा झाली, कारण मापाडी दक्षिणेलाही येणार.

बाहेर पडताना तेउएआने थांबवलं. रडत नव्हती. म्हणाली, भावोजी, फ्रीझर लावला त्याच संध्याकाळी त्यांना कळलं होतं. बॅटरीवर तोफेचा नंबर असतो. मीच त्यांना म्हटलं, सभाघरात सांगा. ते म्हणाले, नको, दादा स्वतः सांगेल, त्याला थोडा वेळ दे. तेव्हापासून गाठोडी बांधायला लावली. लोकांना म्हणाले, सराव आहे. शेवटच्या होडीत त्यांना जागा ठेवली होती. म्हणाले, तोफ सोडून आलो तर सगळे विचारतील का सोडली, मग दादाचं नाव निघेल. आणि तोफ फिरवायलाही कोणीतरी लागेल. तुम्ही व्हा पुढे, दादा निघालो म्हणाला, येतोच आहे.

घरी येऊन भाषणाचा कागद चुलीत घातला. एक गोष्ट त्यात नव्हती आणि कोणाला सांगणारही नाही, ती इथे लिहितो. आजोबा मला बस म्हणाले, तेव्हा मला बरं वाटलं होतं.